इगतपुरीच्या पुढचा प्रवास

पत्राचा सारांश: भुसावळचे एक वाचक, वय ६७, आधी मालगाडीचे आणि पुढे मेल-एक्सप्रेसचे गार्ड म्हणून रेल्वेतून निवृत्त. लग्नाला चाळीस वर्षं होताहेत म्हणून पुण्याच्या मुलीने आईवडिलांना मुंबई–गोवा–मुंबई अशी क्रूझची सफर भेट दिली आहे. ती, जावई आणि नातू पुण्याहून परस्पर येणार आहेत. जहाज जानेवारीतल्या एका रविवारी संध्याकाळी पाचला मुंबईहून सुटतं. वाचकांचा बेत असा: शनिवारी रात्री भुसावळहून पंजाब मेल, रविवारी सकाळी साडेसातला सीएसएमटी, हातात साडेनऊ तास. निवृत्तांना मिळणाऱ्या रेल्वे पासवर आरक्षणही झालं आहे. मुलीचं म्हणणं, शनिवारीच मुंबईत मुक्कामाला या. तिने न विचारता बंदराजवळ साडेचार हजारांची खोली घेऊनही ठेवली. पत्नी मुलीच्या बाजूने. डोंबिवलीला चुलतभाऊ आहे, पण तिथे उतरायला पत्नी तयार नाही. वाचक विचारतात: "छत्तीस वर्षं गाड्या वर्क केल्या, आता पोरगी मला रेल्वे शिकवते. एका रात्रीसाठी साडेचार हजार घालवणं हा शहाणपणा की घाबरटपणा? आणि माझ्या अनुभवाची घरात काही किंमत आहे की नाही?"

भाऊ, नमस्कार.

तुमचं चार पानी पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात मी सरळ तुमच्या बाजूची होते. साडेनऊ तास म्हणजे काही थट्टा नाही. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले तेव्हा दिसलं, की चारातलं दीड पान पंजाब मेलवर आहे, एक पान मुलीच्या फोनवर, आणि वहिनींवर मोजून चार ओळी. त्यातली एक ओळ तुम्ही त्यांच्या माहेरच्या अहिराणीत जशीच्या तशी उतरवली आहे: "गाडी चुकनी ते दुसरी भेटी, जहाज चुकनं ते?" आणि पुढे कंसात लिहिलंय, "तिला यातलं काही कळत नाही."

भाऊ, अख्ख्या पत्रात सगळ्यात जास्त कळलंय ते त्यांनाच.

तुमच्या अनुभवावर मी शंका घेत नाही, आणि मला वाटतं मुलगीही घेत नाही. तुम्ही सांगताय गाडीबद्दल आणि ती काळजी करतेय जहाजाची. दोघं वेगळ्या गोष्टींवर भांडताय. तुमचं आयुष्य अशा खात्यात गेलं जिथे उशीर हा रोजचा. तो नोंदवायचा, त्याचं कारण लिहायचं, जमलं तर पुढच्या सेक्शनमध्ये भरून काढायचा. गाडी दोन तास लेट झाली तरी पोचतेच, माणसं उतरून आपापल्या घरी जातात, फार तर शिव्या देतात. लेट गाडी ही शेवटी गाडीच असते. चुकलेलं जहाज मात्र प्रवाशाच्या लेखी जहाजच राहत नाही, ते क्षितिजावरचं चित्र होतं.

जहाज का थांबत नाही हे तुमच्याच भाषेत सांगते. बंदरातून बाहेर काढायला त्याच्यावर वाट दाखवणारा बंदराचा पायलट चढतो, त्याची वेळ ठरलेली असते. धक्क्यावरची जागा ठरावीक वेळेपुरतीच मिळालेली असते. प्रवाशांची यादी आधीच बंद करून द्यावी लागते. म्हणजे पाथ मिळालाय, लाइन क्लिअर घेतलीय, पुढची वाट त्याच्यासाठी राखून झालीय. आता मला सांगा, फलाटावर कुणी म्हातारा-म्हातारी पिशव्या सांभाळत पळत येताना दिसले, तर छत्तीस वर्षांत तुम्ही किती वेळा हिरवी झेंडी खाली ठेवलीत? एखाद-दुसऱ्या वेळी ठेवलीही असेल, तुमचं पत्र वाचून माणूस प्रेमळ वाटता. पण प्रत्येक वेळी ठेवली असतीत तर नोकरीत राहिला नसतात.

आता तुमचे साडेनऊ तास मोजू. पाच ही जहाज सुटायची वेळ आहे, चढायची नाही. तुम्हीच खाली उतरवून दिलंय: बोर्डिंग साडेबारा ते दीड, गेट बंद तीन वाजता. म्हणजे साडेनऊचे साडेसात झाले. स्टेशनातून बाहेर पडणं, टॅक्सी, सामान देणं, तपासणी, कागद दाखवणं याला तास-दीड तास धरा. राहिले सहा. सहा तासही पुष्कळच, मान्य. पण महिना जानेवारी, आणि गाडी फिरोजपूरहून येणारी. पंजाब, हरियाणा, दिल्ली, आग्रा, ग्वाल्हेर, एवढं सगळं धुक्यातून ओलांडून ती आपल्याकडे उतरते. आपण खान्देशात रात्री शेकोटीपाशी बसून कोरड्या थंडीचं कौतुक करतो, पण त्याच वेळी वर इंजिनवाल्याला पुढचा सिग्नल दिसत नसतो. जानेवारीत उत्तरेकडून येणारी गाडी भुसावळला किती वेळा राइट टाइम यायची, हे तुमच्या जुन्या डायऱ्यांत असेल. पत्रात मात्र त्याबद्दल एक अक्षर नाही. चार-पाच तासांचा उशीर त्या दिवसांत कुणाला नवल वाटत नाही.

बरं, तो उशीर रविवारी कुठे नेऊन ठेवतो बघा. साडेसातला येणारी गाडी वेळेवर आली तर प्रश्नच नाही. चार तास लेट झाली तर ती कल्याणच्या पुढे नेमकी रविवारच्या, दुरुस्तीसाठी रूळ बंद ठेवायच्या मेगाब्लॉकच्या तोंडात येऊन उभी राहते. तिथे लोकल, मेल सगळ्या एकाच रुळावर ओळीने सरकतात. उशिराला उशीर चिकटतो.

आणि एक लहानसं वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात: "माझी ड्युटी इगतपुरीपर्यंतच असायची." चिडू नका, पण जिथपर्यंत गाडी तुमच्या हातात होती, तिथे खरी अडचण सुरूच होत नाही. ती त्याच्या पुढे आहे. कसाऱ्याच्या घाटातला १:३७ चा (३७ फुटांत एक फूट) उतार सांभाळून गाडी खाली यायची आणि मग मुंबईच्या लोकलच्या गर्दीत वाट काढायची. तो मुलूख वेगळा.

इथे जरा विषयांतर करते, कारण दीड पानभर पंजाब मेलचं कौतुक वाचून मलाही खुमखुमी आली. ही गाडी सुरू झाली १९१२ साली, पंजाब लिमिटेड या नावाने, आणि ती तेव्हा बोरीबंदरहून (आजच्या सीएसएमटीहून) नव्हे, बॅलार्ड पिअर मोल नावाच्या धक्क्यावरच्या स्टेशनातून सुटायची. विलायतेहून डाकेची आगबोट धक्क्याला लागायची, डाक आणि साहेबलोक उतरायचे, आणि समोर उभ्या गाडीत बसून भुसावळ-खंडवा-इटारसीवरून थेट पेशावरकडे जायचे. तुमची लाडकी गाडी मुळात बोटीचीच गाडी! आणि ज्या धक्क्यावरून तुम्ही दोघं आता जहाजात चढणार, तो हाच बॅलार्ड पिअरचा परिसर. नव्या क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झालं, पण जागेची ओळख जुनीच. तेव्हा गाडी बोटीसाठी थांबायची. बोट गाडीसाठी तेव्हाही थांबत नव्हती.

आता साडेचार हजारांचं. तुम्ही ते "एका रात्रीचं भाडं" म्हणून मोजताय, म्हणून जास्त वाटतंय. जहाज चुकलं तर बुडतील त्या दोन तिकिटांच्या शेजारी ठेवून मोजा. वेळेवर न आलेल्या प्रवाशाचे पैसे क्रूझवाले सहसा परत देत नाहीत, आणि "आम्ही गोव्याला जाऊन तिथे चढतो" असं आयत्या वेळी म्हणून चालेलच असं नाही. रेल्वेचा नियम तुम्हाला माहीतच आहे, इतर वाचकांसाठी सांगते: गाडी तीन तासांहून जास्त लेट झाली आणि तुम्ही प्रवासच केला नाही, तर ती तुमच्या स्टेशनवरून सुटायच्या आधी टीडीआर (पैसे परत मागायचा अर्ज) भरला की तिकिटाचे पूर्ण पैसे मिळतात. पण ते गाडीच्या तिकिटाचे, जहाजाच्या नव्हे. ही दोन तिकिटं एकमेकांना ओळखत नाहीत. विमानात एका तिकिटावर दोन विमानं असली तर पहिल्याच्या उशिराची जबाबदारी कंपनी घेते. इथे मधल्या फटीची जबाबदारी सगळी आपली.

माझीच एक गोष्ट. कल्याणला मावसबहिणीच्या मुलीचं लग्न, दुपारी साडेबाराचा मुहूर्त, आणि मी पहाटेच्या गाडीने जळगावहून निघाले, चार तास हातात ठेवून. गाडी वाटेत एका छोट्या स्टेशनावर अडीच तास उभी राहिली. मंडपात पोचले तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या आणि पंगत बसली होती. मावशी म्हणाली, "आलीस ना, बस जेवायला." लग्नात उशिरा आलेल्यालाही ताट मिळतं, म्हणून आपण त्या हिशोबाने निघायला शिकलो आहोत. आपली निम्मी घरं त्याच हिशोबावर चालतात.

पण भाऊ, एवढं सगळं तुम्हाला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. धुकं तुम्हाला माहीत आहे, ब्लॉक माहीत आहे. मग पत्रात ते का नाही? माझा अंदाज सांगते, चुकला तर सोडून द्या. जहाजाचं तिकीट मुलीचं. खोली मुलीची. गोव्यात फिरायचा खर्च जावयाचा. या सगळ्या सफरीत तुमच्या हातचं एकच आहे: तुमचा पास. "भुसावळहून मुंबईपर्यंत तुझ्या आईला मी आणतो," एवढा एक तुकडा तुमचा होता, आणि मुलीने फोनवर तोही काढून घेतला. बाप म्हणून घेऊन यायचं सोडून आपल्यालाच पार्सलसारखं आणलं जातंय, हे टोचतंय. साडेचार हजार हे निमित्त.

हे टोचणं खरं आहे, आणि त्यात मुलीचंही चुकलंच. खोली घेण्याआधी एक फोन करायला हवा होता. "पप्पा, मी बुक केलंय" याऐवजी "पप्पा, शनिवारी पोचायला कुठली गाडी बरी?" एवढं विचारलं असतं तर हे पत्र माझ्याकडे आलं नसतं. ती हे सदर वाचत असेल तर तिनेही हे ऐकावं. म्हाताऱ्या माणसाला सोय करून देताना त्याच्याकडचं एखादं काम त्याच्याकडेच ठेवायचं असतं.

म्हणून मी सुचवते ते असं. गाडी तुमची, दिवस मुलीचा. शनिवारी संध्याकाळपर्यंत मुंबई, एवढी अट मान्य करा आणि गाडी कुठली, डबा कुठला, बर्थ कुठला हे सगळं तुम्ही ठरवा. पास वापराच. शक्यतो नागपूर किंवा अमरावतीकडून सुटणारी गाडी बघा, उत्तरेकडून येणारी नको. जिचा प्रवास आपल्या जवळून सुरू होतो तिच्या पाठीवर धुक्याचं ओझं कमी असतं. गाडी कुठे संपते तेही वाचा. बऱ्याच गाड्या सीएसएमटीला जातच नाहीत, कुर्ल्याला लोकमान्य टिळक टर्मिनसवर थांबतात, आणि तिथून सामान घेऊन बंदरापर्यंत यायचं म्हणजे मुंबईचं निम्मं अंग ओलांडणं. पंजाब मेलच हवी असा हट्ट असेल तर शुक्रवार रात्रीची घ्या. मग ती आठ तास लेट होवो की दहा, शनिवारी रात्री जेवायला तुम्ही मुंबईत असाल.

पण मला विचाराल तर दिवसाची गाडी घ्या. कारण वहिनी. तुम्ही लिहिलंय, चाळीस वर्षांत त्या मुंबईला आठ-दहा वेळा गेल्या, दर वेळी रात्रीच्या गाडीने, मुलांना कुशीत घेऊन. म्हणजे ज्या रस्त्यावर तुमचं आयुष्य गेलं तो त्यांनी उजेडात पाहिलेलाच नाही! तुम्ही ब्रेकव्हॅनमधून जी वाघूर ओलांडलीत, मनमाडजवळची जी हडबीची शेंडी (तो उभा सुळका) रोज पाहिलीत, ती त्यांना एकदा दाखवा. केळीच्या बागा संपतात कुठे आणि द्राक्षं सुरू होतात कुठे, ते दाखवा. इगतपुरीपर्यंत तुम्ही सांगा, त्या ऐकतील. इगतपुरीच्या पुढे घाट लागला की दोघंही खिडकीशी बसा, कारण तिथून पुढे तुम्हीही पाहुणेच.

समुद्रही त्यांनी एकदाच पाहिलाय, गेटवेवरून, १९८७ साली. शनिवारी संध्याकाळी खोलीवर सामान टाकून मरीन ड्राइव्हवर तासभर बसलात तर त्या साडेचार हजारांची निम्मी वसुली तिथेच झाली. मुलगीही त्या रात्री पुण्याहून येऊन शेजारच्या खोलीत उतरणार असेल तर उत्तमच. आणि खोलीचं भाडं तुम्ही द्या. भांडण न करता, बाप म्हणून.

डोंबिवलीबद्दल वहिनींचं ऐका. बायकांना माहीत असतं की नातेवाइकाकडचा मुक्काम फुकट नसतो. तिथे रिकाम्या हाताने जाता येत नाही, रात्री बारापर्यंत गप्पा होतात, सकाळी "नाश्ता केल्याशिवाय जाऊ देणार नाही" होतं, आणि मग रविवारी मेगाब्लॉकात डोंबिवली फलाटावर दोन बॅगा घेऊन उभं राहावं लागतं. नाशिकला कुणी सख्खं असतं तर गोष्ट वेगळी होती. इतर वाचकांनी हा पर्याय लक्षात ठेवावा: आदल्या दिवशी नाशिकपर्यंत यायचं, झोपायचं आणि सकाळच्या पंचवटीने मुंबई गाठायची. गाडीचा घोळ झालाच तर तिथून रस्त्यानेही वेळेत पोचता येतं, शिवाय जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग इगतपुरीच्या पुढे भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत खुला झालाय. भुसावळहून रात्री दोनला कळलं की गाडी पाच तास लेट आहे, तर काय करणार? नाशिकहून सकाळी सहाला कळलं तर करता येण्यासारखं पुष्कळ असतं.

तरीही तुम्ही शनिवार रात्रीच्याच बेतावर अडून राहिलात, तर निदान एवढं करा. पंजाब मेल सोडा, अमरावती किंवा नागपूरकडून पहाटे-सकाळी मुंबईत पोचणारी गाडी धरा. आणि रात्री अमुक वाजेपर्यंत गाडी भुसावळला लागली नाही तर सरळ भाड्याची गाडी करून निघायचं, हे आधी ठरवून ड्रायव्हरचा नंबर खिशात ठेवा. "बघू, येईलच" हे तुमच्या खात्यातलं वाक्य त्या रात्री वापरायचं नाही.

मध्यरात्रीच्या आगेमागे येणाऱ्या गाड्यांबद्दल एक सूचना बाकीच्यांसाठी. रात्री बारा वाजून दहा मिनिटांची गाडी शनिवारच्या तारखेची असेल, तर ती शुक्रवारी रात्री जेवण झाल्यावर पकडायची असते. शनिवारी रात्री फलाटावर जाऊन उभे राहिलेले सुशिक्षित लोक मी पाहिलेत. आमच्या घरात एक आहेत, नाव सांगत नाही.

ज्यांच्याकडे पास नाही त्यांच्यासाठी: आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, त्यामुळे क्रूझची तारीख ठरली की रेल्वेची तारीखही कॅलेंडरवर लिहून ठेवा. ऑनलाइन काढलेलं वेटिंगचं तिकीट चार्ट लागेपर्यंत वेटिंगलाच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं, त्यावर गाडीत चढता येत नाही. तेव्हा वेटिंग तिकिटाच्या भरवशावर क्रूझ ठरवू नका. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत २०२० पासून बंद आहे, पण खालच्या बर्थचा कोटा आहे: पुरुषांना ६० पासून, बायकांना ४५ पासून. मात्र तो एका तिकिटावर एक किंवा दोघंच असतील तर. मुलं प्रेमाने सहा जणांचं तिकीट एकत्र काढतात आणि आजीला वरचा बर्थ येतो तो असा.

नंदुरबार-दोंडाईचाकडच्या लोकांना सुरतेवरून येणं सोयीचं, फक्त ती गाडी पश्चिम रेल्वेच्या स्टेशनात उतरवते, पुढच्या टॅक्सीचा वेळ धरा. चोपडा, पारोळा, शिरपूर अशा गावांहून निघणाऱ्यांचा प्रवास तर स्टेशनाआधीच्या रस्त्यावरच सुरू होतो. त्यांनी आदल्या दिवशी पोचायचं की नाही याचा विचारही करू नये. पोचायचंच.

आता बांधाबांध. तुम्ही विचारलंय, वहिनींनी डबा बांधायला घेतलाय तो चालेल का. गाडीत चालेल, जहाजावर बहुधा नाही. घरचं शिजवलेलं अन्न बहुतेक क्रूझवर आत नेऊ देत नाहीत. जानेवारीत बामणोदची वांगी ऐन भरात असतात, तेव्हा भरीत आणि कळण्याच्या भाकरी गाडीतच संपवा, शेजारच्या प्रवाशाला द्या, पण टर्मिनलच्या दारात टाकून द्यायची वेळ येऊ देऊ नका. वहिनींना ते सहन होणार नाही, आणि मलाही. दारू, इस्त्री, पाणी तापवायची किटली, एक्स्टेंशन बोर्ड, सुरी यांवरही सहसा बंदी असते. तिकिटासोबत यादी येते, ती चष्मा लावून वाचा.

मोठ्या बॅगा टर्मिनलवर चिठ्ठी लावून घेतल्या जातात आणि काही तासांनी तुमच्या खोलीच्या दाराशी येतात. म्हणून वहिनींच्या साखरेच्या गोळ्या, तुमच्या बीपीच्या, चष्मा, शाल, कागदपत्रं, चार्जर हे सगळं हातातल्या पिशवीत. बोट लागण्याची भीती वाटत असेल तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारून गोळी बरोबर ठेवा. जानेवारीत आपल्या बाजूचा समुद्र बऱ्यापैकी शांत असतो, फार धास्ती नको.

कागदांत एक गोष्ट तपासाच. पासवर वहिनींचं नाव तुमच्या सर्व्हिस रेकॉर्डप्रमाणे असेल, आधारवर कदाचित माहेरचं किंवा नुसतंच अर्धं, आणि मुलीने क्रूझच्या तिकिटावर घातलंय ते तिसरंच. जहाजाच्या तिकिटावरचं नाव फोटो ओळखपत्राशी जुळलं पाहिजे. देशातल्या देशात जाणाऱ्या क्रूझला सरकारी ओळखपत्र चालतं, पासपोर्ट लागत नाही. वेब चेक-इन मुलीला करू द्या, पण बोर्डिंग पासची छापील प्रत तुमच्याकडे ठेवा. गार्डच्या पेटीत कागद ठेवल्यासारखी.

सीएसएमटीहून टर्मिनल दोन किलोमीटरच्या आत आहे. लांब पल्ल्याच्या फलाटांकडून पी. डिमेलो रोडच्या बाजूने बाहेर पडलात तर वळसा वाचतो. टॅक्सीवाल्याला नुसतं "बोटीवर जायचंय" सांगू नका, तो तुम्हाला भाऊच्या धक्क्यावर नाहीतर गेटवेला नेऊन सोडेल. बॅलार्ड पिअर, आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल असं सांगा आणि तिकिटावर गेटचं नाव असेल तर तेही. दिलेल्या वेळेच्या फार आधी जाऊनही उपयोग नसतो, लोकांना ठरलेल्या वेळेनुसारच आत घेतात. खोली तिथेच जवळ असल्याने सकाळी निवांत आंघोळ, नाश्ता, आणि बारा वाजता निघा.

परतीचं पत्रात काहीच नाही. जहाज सकाळी मुंबईला लागलं तरी सगळे उतरेपर्यंत वेळ जातो, तेव्हा दुपारच्या आधीची गाडी घेऊ नका. रात्रीची घ्या. घरी जाताना लेट झाली तर झाली.

तुमचा शेवटचा प्रश्न होता, अनुभवाची घरात किंमत आहे का. नातवाला जहाजावर सिग्नल, पायलट, लाइन क्लिअर हे कुणी समजावून सांगणार आहे? जावई आयटीत आहेत ना?

आणि एक राहिलं. दिवसाच्या गाडीचं आरक्षण पक्कं झाल्याचं डोळ्याने पाहिल्याशिवाय पंजाब मेलचं रद्द करू नका.